सरखेलांच्या नावाचे प्रवाळ

विजयदुर्गच्या बंदरातून रात्री निघालेली बोट पहाटे जिथे थांबते, तिथे पाहण्यासारखे काहीच नसते. किनारा कधीच दिसेनासा झालेला असतो. बेट नाही, खडक नाही, फेसाची रेघही नाही. केवळ यंत्राच्या पडद्यावरचे अक्षांश-रेखांश सांगतात, म्हणून तांडेल इंजिन बंद करतो. मात्र पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, तोंडात श्वासनळी धरून पाण्यात उतरणाऱ्याला थोड्याच वेळात पायाखाली काहीतरी उजळ दिसू लागते. दहा मीटरच्या आतच लाल रंग पाण्यात विरून गेलेला असतो आणि सगळे निळसर-करडे भासते. वीस मीटरवर शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या तिप्पट होतो, तितक्याच पटीने नळकांड्यातली हवाही लवकर संपते. अशा वेळी हातातली विजेरी पेटवली की करड्या दिसणाऱ्या तळाला एकदम रंग फुटतात. मेजासारखे पसरलेले, हरणाच्या शिंगांसारखे फुटलेले, मेंदूच्या वळ्यांसारखे गुंडाळलेले प्रवाळ नजर पोहोचेल तिथवर दिसतात. कडेच्या बाजूला गेले तर हे पठार उतरू लागते आणि प्रवाळांची भिंत खाली खाली जात काळोखात नाहीशी होते. त्या काळोखाचा तळ शेकडो मीटर खोल आहे. तिथवर कोणताही हौशी पाणबुड्या जात नाही.

या जागेचे नाव आंग्रिया बँक. आमच्या तळवड्यात हे नाव कोणाला सांगितले तर एखादी सहकारी बँक बुडाली की काय, अशी शंका त्याला येईल. ही बँक खरोखरच बुडालेली आहे, पण ठेवीदारांना घेऊन नव्हे. दर्यावर्दींच्या भाषेत समुद्रतळावरून उठलेल्या, पण पाण्याबाहेर न आलेल्या पठाराला बँक म्हणतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेले हे पठार उत्तर-दक्षिण सुमारे ४० आणि पूर्व-पश्चिम सुमारे १५ किलोमीटर पसरले आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. वीसेक हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हे पठार म्हणजे अरबी समुद्रातले एक निर्मनुष्य बेटच असणार. समुद्र चढला, बेट बुडाले आणि त्याच्या पाठीवर प्रवाळांनी वस्ती केली.

त्या बुडालेल्या बेटाला ज्यांचे नाव मिळाले, ते सरखेल कान्होजी आंग्रे. इंग्रज दप्तरातला आंग्रिया तो हाच. गेल्या काही वर्षांत तारकर्ली-मालवणला सुट्टीत जाऊन पहिली बुडी मारून येणाऱ्या पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या तरुणांची संख्या बरीच वाढली आहे. त्यातल्या फार थोड्यांना आंग्रिया बँक ठाऊक असते आणि त्याहून थोड्यांना हे ठाऊक असते, की ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते त्यांचे कूळ कोकणातले नव्हे, तर आपल्याच बाजूचे, पुण्याजवळच्या मावळातले.

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. मावळच्या डोंगरपट्ट्यातील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले, असे सांगितले जाते. तळवड्याच्या शिवेवरून इंद्रायणी वाहते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या पट्ट्यात पडलेल्या पावसाचा थेंब न् थेंब पूर्वेच्या समुद्राकडे जातो. आंग्रे मात्र पाण्याच्या उलट दिशेने, घाट उतरून पश्चिमेला गेले. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. कान्होजींचा जन्म १६६९ सालचा. हर्णैच्या किनाऱ्यासमोर पाण्यात उभ्या असलेल्या त्या जलदुर्गाच्या आसऱ्याने हा मुलगा वाढला. थोर पुरुषांच्या बालपणी नागाने फणा धरल्याच्या कथा आपल्याकडे सांगितल्या जातात, तशी त्यांचीही आहे. ती बाजूला ठेवू. या मुलाला भरती-ओहोटीची वेळ, पाण्याखालच्या खडकांची जागा आणि वाऱ्याची लहर ओळखायला कोळी, भंडारी, गाबीत आणि खारवी यांच्याच सहवासात शिकायला मिळाले असणार, हे मात्र त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून सहज ताडता येते. त्यांचा प्रत्येक विजय उथळ पाण्याच्या ज्ञानावर उभा आहे.

त्यांचे नाव प्रथम गाजले तेही पाण्यातूनच. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार अचलोजी मोहिते आतून शत्रूला फितूर झाल्याचे लक्षात येताच विशीतल्या कान्होजींनी त्याला कैद केले आणि किल्ल्याची सूत्रे स्वतःकडे घेतली. वेढा फोडण्यासाठी त्यांनी बाहेर पडून हल्ला केला. तो फसला आणि ते सिद्दीच्या हाती सापडले. परंपरा सांगते की, पहाऱ्यातून निसटून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत पुन्हा सुवर्णदुर्ग गाठला. किल्ला पावसाळ्यापर्यंत लढत राहिला आणि सिद्दीला वेढा उठवावा लागला. या कथेतला कोणता तपशील पुढे घातला गेला असेल तो असो, पण ज्याने सुवर्णदुर्ग आणि हर्णै यांमधले पाणी पाहिले आहे, त्याला ती अशक्य वाटत नाही. अंतर फार नाही, प्रवाह मात्र ओळखीचा हवा.

तो काळ मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या संकटाचा होता. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. देशावर औरंगजेबाची फौज पसरलेली असताना किनाऱ्यावरचे आरमार सिधोजी गुजर यांच्या हाताखाली कसेबसे तग धरून होते. १६९८ मध्ये सिधोजी वारले आणि कान्होजी सरखेल झाले. त्यांनी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ठाणे केले. ओहोटीला चालत जाता यावे आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी असावे, अशी ही जागा आहे. दिवसातून दोनदा समुद्रच ज्याचा दरवाजा उघडतो आणि लावतो, अशा किल्ल्याला पहारेकऱ्यांची गरज निम्म्याने कमी होते. ती भरती-ओहोटी आजही अलिबागला जाणाऱ्या पर्यटकाला घड्याळाकडे पाहायला लावते.

कान्होजींच्या आरमाराचे मर्म त्यांच्या जहाजांच्या बुडात होते. दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा साधारण दीडशे ते तीनशे टनांच्या, तर गलबते सत्तर टनांच्या आतली असत. इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांपुढे ही मंडळी खेळण्यासारखी दिसत. वारा पडला की इंग्रजी जहाज जागीच खिळून राही. तेव्हा चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते दोराने गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला आणत. मोठ्या जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असत, पिछाडीला नाममात्र. गुराबेच्या तोफा नाळेवर, सरळ समोर मारा करणाऱ्या. डोलकाठ्या आणि शिडे फाटून जहाज लुळे पडले की गलबतांतले लोक तलवारी घेऊन वर चढत. आणि डाव उलटला तर ही सगळी मंडळी खाडीच्या तोंडातून उथळ पाण्यात शिरत. तिथे पाठलाग करणाऱ्याचे जहाज गाळात किंवा खडकावर चढे.

विजयदुर्गला याच विचाराचा एक विलक्षण नमुना पाण्याखाली आहे. १९९० च्या दशकात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी किल्ल्याजवळच्या समुद्रात बुड्या मारून एका दगडी भिंतीची पाहणी केली. ती सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि ७ मीटर रुंद भरली. ती कोणी व केव्हा बांधली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिवकाळापासून सरखेलांच्या काळापर्यंत अनेकांना तिचे श्रेय दिले गेले आहे. किनाऱ्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट सांगितली जाते: शत्रूची मोठी जहाजे किल्ल्याच्या रोखाने आली की त्यांची बुडे फुटत. आज तिच्यावर शिंपले आणि समुद्री वनस्पती वाढल्या आहेत. समुद्र कोणाच्याही बांधकामाचे हेच करतो.

कान्होजींचे खरे भांडण इंग्रजांशी जहाजांवरून नव्हते, ते एका कागदावरून होते. त्या कागदाचे नाव दस्तक. मराठ्यांच्या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचा परवाना घ्यावा, त्याचे शुल्क भरावे. न घेतल्यास जहाज अडवले जाईल, असा त्यांचा नियम होता. ही कल्पना त्यांनी शोधलेली नव्हती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीज हिंदी जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावत होते आणि न घेणाऱ्यांची जहाजे खुशाल लुटत होते. त्याला त्यांनी कायदा म्हटले. तीच गोष्ट एका मराठी सरदाराने स्वतःच्या दारासमोरच्या समुद्रात केली, तेव्हा ती चाचेगिरी ठरली. इंग्रजांचे म्हणणे असे की, समुद्र सर्वांना मोकळा आहे. सरखेलांचे म्हणणे असे की, किनारा ज्याचा त्याचा त्यासमोरच्या पाण्यावरही काही हक्क आहे. तीनशे वर्षांनंतर जगाने बऱ्याच अंशी सरखेलांचेच म्हणणे कायद्यात लिहिले, पण त्याकडे नंतर येऊ.

याचा अर्थ कान्होजींचे सर्व वर्तन सोज्वळ होते असा नव्हे. समुद्रावरचे युद्ध तेव्हा कोणाचेच सोज्वळ नव्हते. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन त्या झुंजीत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत आली. काही महिन्यांनी तीस हजार रुपयांची खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. चरित्रकार हा प्रसंग एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही. पती डोळ्यांदेखत गमावलेल्या स्त्रीला महिनोन्‌महिने ओलीस ठेवणे ही गोष्ट त्या काळच्या रीतीला धरून होती, पण कठोर होती. तिच्यासाठी झालेला पत्रव्यवहार आणि खंडणीचा हिशेब यांमुळेच सरखेलांचे नाव मुंबईच्या इंग्रज वस्तीत घरोघरी पोहोचले.

जमिनीवरचे राजकारण त्यांना चुकले नाही. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर गादीचा तंटा उभा राहिला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला राहिले. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून गेले, तर सरखेलांनी पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. समुद्राचा धनी घाट चढून आपल्या पूर्वजांच्या मावळात परत आला तो असा. सातारा धोक्यात येताच बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद देऊन वाटाघाटीसाठी पाठवण्यात आले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. किनाऱ्याची भाषा, सिद्दीचा जाच आणि सरखेलांचा स्वभाव या तिन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. दोन फौजा समोरासमोर उभ्या असताना लढाई न होता तह झाला, हे श्रेय दोघांचेही. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले; सरखेल हे पद आणि दहा किल्ले, सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली. मराठ्यांच्या इतिहासात १७१४ चा हा तह जितका महत्त्वाचा, तितकाच तो शाळेच्या पुस्तकात घाईने संपतो.

आता किनारा निर्धास्त झाला आणि इंग्रजांची झोप उडाली. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि त्याने आंग्र्यांचा नायनाट हेच आपले कार्य ठरवले. विजयदुर्गवर स्वारी झाली, फसली. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये तो स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर गेला. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले हे बेट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तटबंदी करून घेतले होते. आजही तिथे कायमची वस्ती नाही. दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे आणि तटाभोवती ओहोटीला उघडे पडणारे खडक आहेत. त्या खडकांवरचे कालवांचे कवच वस्तऱ्यासारखे धारदार असते. बूनचे सैनिक उतरले ते याच खडकांवर, वरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना. खांदेरी पडली नाही.

मग बूनने फ्राम नावाची तरंगती तोफशाळा बांधवली. सपाट बुडाची आणि जाड लाकडी भिंतींची. उथळ पाण्यात कान्होजींना त्यांच्याच पद्धतीने गाठायचे, ही कल्पना वाईट नव्हती. १७२० मध्ये ती विजयदुर्गसमोर नेऊन उभी केली, तर तिच्या तोफा इतक्या खाली बसवलेल्या निघाल्या की गोळे तटाऐवजी पाण्यातच पडू लागले. मुंबईतल्या कोणा सुताराची ही चूक होती की कोणा कप्तानाची, यावर पुढे बराच वाद झाला असावा.

१७२१ च्या अखेरीची मोहीम मात्र विनोदाची नव्हती. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आला होता, गोव्याचा विसरेई स्वतः आपले सैन्य घेऊन आला होता आणि दोघांचे मिळून सहा हजार लोक कुलाब्यावर चालून गेले. युरोपातल्या दोन सत्तांनी एका मराठी सरदाराविरुद्ध असा हात मिळवावा, हाच त्याच्या सामर्थ्याचा दाखला. पण बाजीराव पेशव्यांची घोडदळे मदतीला आली. हल्ला भरकटला, तोफा मागे टाकून लोक पळाले. मॅथ्यूज एवढा भडकला की, त्याने पोर्तुगीज सेनापतीवर आपली छडी चालवली, असे त्या मोहिमेत असलेल्या क्लेमंट डाउनिंग या तरुण इंग्रज खलाशाने पुढे लिहून ठेवले. पोर्तुगिजांनी इंग्रजांना न विचारता मराठ्यांशी तह केला. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गवर नशीब आजमावले आणि तेही परतले. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि सिद्दी या चौघांनाही कान्होजी हयात असेतो त्यांचा एकही महत्त्वाचा जलदुर्ग घेता आला नाही.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. दिवस पावसाळ्याचे होते. समुद्र बंद होता आणि गुराबा, गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारलेली होती. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाला त्या ऋतूत मरण आले, जेव्हा पाण्यावर कोणीच नसते. अलिबागेत त्यांची समाधी आहे.

मुलांना वडिलांचे आरमार मिळाले, पण त्यांचे संयमी डोके मिळाले नाही. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि संभाजी व मानाजी यांच्यात कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटणी झाली. भाऊबंदकीला जमीन लागते असे आपण समजतो, तर आंग्र्यांनी ती समुद्रावरही करून दाखवली. पुढे तुळाजी आंग्र्यांचे पेशव्यांशी इतके बिनसले की, नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गसमोर आले. तुळाजींनी पूर्वी पकडलेल्या एका इंग्रजी जहाजावर गोळा पडून आग लागली. एकमेकांना बांधून ठेवलेल्या जहाजांमुळे ती पसरत गेली आणि साऱ्या आरमाराची राख झाली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. कान्होजींनी तीस वर्षे ज्यांना रोखले, त्यांना मराठ्यांनीच आत आणले, असे म्हणावेसे वाटते. पण बाळाजी विश्वनाथांनी समजुतीने मिटवलेले भांडण त्यांच्या नातवाने परक्याच्या तोफांनी मिटवले, एवढे नोंदवणे पुरे.

आरमार गेले, नाव मात्र राहिले. खोल समुद्रातून येणारा खलाशी शिशाचा ओळंबा सोडत येतो. जिथे शेकडो वाव दोरी सोडली तरी तळ लागू नये, तिथे अकरा-बारा वावांवरच शिसे टेकले, तर तो चमकणारच. हे पठार जहाज फोडण्याइतके उथळ नाही. तरीही नकाशावर त्याला आंग्र्यांचे नाव मिळाले, याचा अर्थ माझ्यापुरता मी असा लावतो की, पश्चिमेकडून येणाऱ्याला ही आंग्र्यांच्या मुलखाची पहिली खूण होती. शत्रूने भीतीने दिलेले नाव इतके टिकाऊ निघावे, हे दैवच.

नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला कान्होजींचे नाव दिले आहे. खांदेरीला १९९८ पासून कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले. या सगळ्या जागांना तट आहेत, फलक आहेत, राखणदार आहेत. त्यांच्या नावाची एकच जागा अशी आहे की जिला राखणदार नाही, आणि ती म्हणजे आंग्रिया बँक.

प्रवाळ हा दगड दिसतो, पण तो लक्षावधी सूक्ष्म प्राण्यांचा वाडा असतो. त्या प्राण्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. ते उजेडातून अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा घरधन्याला देते. म्हणून प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो. आपल्या किनाऱ्याला नद्यांचा गाळ येतो, मालवणच्या पाण्यातही तो जाणवतो. शंभर किलोमीटर आत तो पोहोचत नाही, म्हणूनच तिथे वीस मीटरवरही प्रवाळ वाढतो. गोलसर, घट्ट जातीचे प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे सुवर्णदुर्गचा पोर सरखेल झाला त्या वेळी एखाद्या प्रवाळाने तळावर मूळ धरले असेल, तर तो आज तीन मीटरहून अधिक उंच झालेला असेल. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर आतले शैवाल निघून जाते आणि हा वाडा पांढराफटक पडतो. तीनशे वर्षांचे काम एका उन्हाळ्यात संपू शकते. बोटीचा नांगर किंवा तळ खरवडणारे जाळे तेच काम एका दुपारी करते.

कायद्याने कठीण कवचाच्या प्रवाळांना २००१ पासून वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले आहे. अडचण पाण्याच्या हद्दीची आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. राज्याचे मासेमारीचे नियम तिथवरच चालतात. त्यापुढे दोनशे सागरी मैलांपर्यंत भारताचे अनन्य आर्थिक क्षेत्र आहे. सरखेलांचा दावा जगाने मान्य केला, तो याच रूपाने. किनारा ज्याचा, त्याला समोरच्या पाण्यातल्या संपत्तीवर हक्क. पण हक्क असणे आणि राखण असणे या दोन गोष्टी निराळ्या. आंग्रिया बँक १०५ किलोमीटरवर, म्हणजे राज्याच्या हाताबाहेर आणि देशाच्या हक्काच्या आत. या पट्ट्याला केंद्राने खास संरक्षित क्षेत्र जाहीर करावे, अशी मागणी अभ्यासक करीत आले आहेत. त्यासाठी १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात वाटही आहे. समुद्राचा धनी कोण, या ज्या प्रश्नावर कान्होजींनी तीस वर्षे लढाई केली, त्याचे उत्तर त्यांच्याच नावाच्या पाण्यात अजून कागदावरून पाण्यापर्यंत पोहोचायचे आहे.

तोवर तिथे जाणारे थोडे असतात. संशोधकांच्या तुकड्या, काही कसलेले पाणबुडे आणि मच्छीमारांचे ट्रॉलर. वीस मीटरवर साधारण पाऊण तास, वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, आणि मग पुन्हा मोकळा समुद्र, ज्यात बोटीखेरीज काहीही नसते. मे संपत आला की बुड्यांचा हंगाम आटोपतो. कोकणातले मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देईपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात.